तेहतिसावी ओळ

किएम मास्तरांचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकायचा राहिलाय असा माणूस नदीकाठच्या सादेक गावात शोधूनही सापडला नसता. कविता ती कविता आणि गाण्याचे शब्द ते गाण्याचे शब्द. "कविता स्वतःच्या पायांवर उभी राहते," मास्तर म्हणायचे. "गाण्याच्या शब्दांना गिटारवाल्याचा खांदा लागतो. गिटार काढून घ्या, पडले तोंडावर!" चाळीस वर्षं शाळेत साहित्य शिकवलेला माणूस. ऐकणाऱ्याला एक तर पटायचं, नाहीतर घरी काम आठवायचं.

निवृत्तीनंतर मास्तर पश्चिम तीर काव्यमंडळात दाखल झाले. मंडळात छत्तीस सभासद, छत्तीसही निवृत्त आणि छत्तीसही कवी. वाचक औषधालासुद्धा नाही. जो तो आपला संग्रह छापायचा, उरलेल्या पस्तिसांना सही करून द्यायचा आणि त्या पस्तिसांचे संग्रह घरी आणून कपाटात लावायचा. उघडून बघायचं पाप कुणी केलं नाही.

मास्तरांची बायको थोआ जाऊन अडीच वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या बायकांसारखीच तिचीही फुलशेती. पाण्यात उभ्या केलेल्या बांबूच्या मांडवांवर शेवंतीच्या कुंड्या, आणि खाली गुडघाभर चिखलात ती. पोटाचं दुखणं निघालं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी दिएप सासरहून, कान्थो शहरातून आली, आईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली, आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. मास्तरांचा तिसरा संग्रह तेव्हा छापखान्यात होता.

अंत्यविधीच्या दिवशी दिएप बापाला एकच वाक्य बोलली. "बाबा, आई आठ महिने धड जेवत नव्हती, आणि तुम्ही रोज तिच्या समोर बसत होतात."

झालं. त्यानंतर आईचं श्राद्ध तिनं कान्थोला आपल्या घरी केलं. पहिलं केलं, दुसरंही केलं. मास्तरांना निरोप नाही. नव्या वर्षाला यायची, आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची आणि तासाभरात परत. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरी तिथीला चूल थंड, याची गावाला लाज वाटायची. मास्तरांना तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन्ही वर्षी त्यांनी फोटोपुढे दोन केळी आणि कपभर चहा ठेवला होता. पुढचं त्यांना येत नव्हतं.

मग त्यांनी कविता लिहिली. बत्तीस ओळी, अकरा खर्डे. 'निश्चंद्र नदी' हे नाव. तिच्यात शरद ऋतू होता, धुक्यात विरणारी शुभ्र होडी होती, पाण्यावर थरथरणारी सावली होती. आता सादेकमध्ये शरद कुठला? इथे ऊन आणि पाऊस हे दोनच ऋतू, आणि दोन्हीत घाम येतो. पण कवितेत शरद लागतो, त्याला मास्तर तरी काय करणार! मंडळात त्यांनी ती म्हणून दाखवली. सगळे म्हणाले, "गहन आहे." एकानं घड्याळात बघितलं.

मंडळाचं दहावं वर्ष आलं आणि अध्यक्ष फुओक यांच्या डोक्यात किडा वळवळला. शेतीखात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ; एक काम सुचलं की दहा माणसांना जुंपल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दहा सभासदांच्या कवितांना चाली लावायच्या असं ठरलं, आणि चाली लावणार साऊ विन्ह.

साऊ हा मास्तरांचा तीस वर्षांचा शेजारी. लग्नात गिटार वाजवायचा, मयतालाही वाजवायचा, आणि दोन्हीकडे माणसं रडवायचा. दोन घरांमध्ये हातभर बोळ. याच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या स्वयंपाकघरात उघडणारी. चाल लावून झाली तसा तो कागद घेऊन आला. मास्तरांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उतरत उतरत हनुवटीपाशी आला.

"साऊ, माझ्या बत्तीस ओळी होत्या."

"होत्या की."

"इथे सात आहेत."

"आठ. नीट मोजा."

आठवी ओळ मास्तरांनी वाचली. मग पुन्हा वाचली.

*जेवलो, उठलो, हात धुतले. तू जेवलीस का, ते विचारायचं राहूनच गेलं.*

"ही कुठली?" मास्तर ओरडले. "ही माझी नाही! आणि ही कविता आहे का? खानावळीतली तक्रार आहे ही! शरद काढलास, होडी काढलीस आणि हात धुणं घातलंस?"

"मास्तर, जरा शांत व्हा." साऊ पायरीवर टेकला. "कविता कळली नाही तर माणूस मागचं पान उलटून परत वाचतो. गाणं एकदाच कानावरून जातं. गाणाऱ्याच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात बियरचा ग्लास. त्याला 'निश्चंद्र' धरायला हात कुठून उरणार? त्याला घरातलं काहीतरी द्यावं लागतं."

"माझं नाव काढ त्यावरून."

"फुओकसाहेबांनी फलक छापून घेतलेत."

नाव राहिलं. आणि मग त्या गाण्यानं जो काही उच्छाद मांडला म्हणता! घाटावर शेवया विकणाऱ्या बाईनं ते गायलं, तिच्या भाच्यानं फोनवर टाकलं, आणि महिन्याभरात सादेकमध्ये दुसरं काही ऐकू येईना. प्रभागाच्या सरकारी भोंग्यावर पहाटे पाच वाजता तेच. बारशाला तेच. संध्याकाळी अंगणात चाकांचा स्पीकर ओढून आणायचा, चार बाप्ये पिऊन गळ्यात गळे घालायचे आणि 'विचारायचं राहूनच गेलं' म्हणत ढसाढसा रडायचे. रडून झालं की आत हाक मारायची, "अगं ए, आणखी कोळंबी तळून आण!" आतली जेवलीय का, हे एकानंही विचारल्याचं ऐकिवात नाही.

रस्त्यात बायका मास्तरांचा हात धरायच्या. "मास्तर, काय ती ओळ! काळीज कापलंत." मास्तर मान हलवायचे. घरी येऊन ते 'निश्चंद्र नदी' काढून बसायचे. बत्तीसच्या बत्तीस ओळी जागच्या जागी, आणि एकीलाही कुणी विचारत नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात दिएपचा फोन आला. जवळजवळ तीन वर्षांत तिनं स्वतःहून केलेला पहिला.

"बाबा, मी कापडाच्या दुकानात उभी होते. तिथे ते गाणं लागलं. शेवटी तुमचं नाव सांगितलं." मग बराच वेळ नुसतंच नाक ओढल्याचा आवाज. "ती जेवणाची ओळ... बाबा, ती तुम्ही लिहिलीत?"

आता इथे माणसानं खरं बोलावं. पण हातात फोन, फोनमध्ये रडणारी लेक, आणि समोर फोटोतली थोआ.

"हं," मास्तर म्हणाले.

आयुष्यभर शब्द तोलून वापरलेला माणूस, त्या दिवशी अर्ध्या अक्षरात खोटं बोलून मोकळा झाला.

"यंदाचं श्राद्ध आपल्या घरी करू," दिएप म्हणाली. "मी नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या, तुमच्या काव्यदिनाच्या आधीच येते. तिथीपर्यंत राहीन."

आली. खरंच आली. आल्या आल्या चूल घासली, फोटोची काच पुसली, दारातल्या कुंड्यांमधलं तण काढलं. बापाला समोर बसवून जेवायला वाढलं आणि स्वतः त्याच्याबरोबर बसली. काम करता करता ती तेच गाणं गुणगुणायची. मास्तरांना इतकं सुख सोसवत नव्हतं. एरवी कुणी त्यांच्या स्वल्पविरामाला हात लावला तरी भांडणारा हा माणूस, आज दुसऱ्याच्या ओळीवर लेकीची माया खात होता.

दुपारी ते बोळ ओलांडून साऊकडे गेले. साऊ गिटारची तार बदलत होता.

"तुला ती ओळ कुठून सुचली?"

"सुचली कुठली? दिसली." साऊनं वर बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या खिडकीसमोर तीस वर्षं राहतोय मास्तर. तुम्ही जेवून लिहायला बसलात की थोआवहिनी चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास खायच्या. शेवटच्या वर्षी तेही बंद झालं. वाटीत भात घ्यायच्या, कालवायच्या आणि बदकांना टाकायच्या. माझी बायको म्हणायची, हिला काहीतरी होतंय. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

साऊचा हात थांबला. "बायकोनं सांगितलं होतं, मास्तर. दारात उभी राहून. तुम्ही म्हणालात, 'हो हो, नंतर बघू, आत्ता मुद्रितं तपासतोय.'"

मास्तरांना ते आठवेना. आठवेना, याचंच त्यांना भय वाटलं. साऊ खोटं बोलत नव्हता, तेवढं कळत होतं.

पौर्णिमेला सकाळी काव्यदिन. सभागृहात पताका, फुलं, प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, आणि एरवी छत्तीस माणसं असतात तिथे तीनशे. सगळी गाण्यासाठी आलेली. फुओक अध्यक्षांनी क्रम आखला होता: आधी मास्तर मूळ कविता म्हणणार, मग शेवयावाली गाणार. दिएप तिसऱ्या रांगेत बसली होती. नवा कुर्ता घालून आली होती बापाचा मान बघायला.

मास्तरांनी सूर लावला. जुन्या पद्धतीनं, शब्द लांबवत. शरद झाला, होडी झाली. लोक सभ्यपणे वाट बघत होते. विसावी ओळ झाली, चोविसावी झाली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या अस्वस्थ झाल्या.

"अगं बाई, ओळ सुटली वाटतं," एक कुजबुजली.

"वय झालंय गं. सांगा की त्यांना."

बत्तिसावी ओळ म्हणून मास्तर थांबले. टाळी नाही. तीनशे माणसं तोंडं उघडी टाकून त्या ओळीची वाट बघतायत, आणि मास्तर गप्प. मग पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं हळूच, शाळेच्या समारंभात विसरलेल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "जेवलो, उठलो..." दुसरीनं साथ दिली. "हात धुतले..." बघता बघता अर्धं सभागृह मास्तरांना त्यांची कविता पढवू लागलं. कुणाच्या मनात थट्टा नव्हती, हीच तर पंचाईत. सगळे मायेनं सांगत होते.

मास्तरांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. दिएपचेही ओठ हलत होते. पुढे वाकून, डोळे त्यांच्यावर लावून, ती एकेक शब्द देत होती. म्हणा बाबा, म्हणा, असं.

ते मात्र त्यांना सहन झालं नाही.

"ती ओळ माझी नाही," मास्तर माईकमध्ये म्हणाले. "ती साऊ विन्हची आहे. माझ्या बत्तीस ओळींत ती नव्हती. मला ती सुचलीच नसती. माझी बायको जेवत नव्हती, हे मला माहीतच नव्हतं."

मग फुओक अध्यक्ष उठले, त्यांनी मास्तरांच्या हातातला माईक काढून घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात विनय! आपलं श्रेय गरीब वादकाला देऊन टाकलं. मित्रहो, असा कवी होणे नाही!"

सभागृह कोसळलं. टाळ्या थांबेनात. मास्तर "अहो, खरंच नाही" म्हणत हात जोडू लागले, तशा टाळ्या आणखी वाढल्या. मागून साऊ ओरडला, "माझीच आहे ती!" तर लोक त्यालाही हसले; मास्तरांनी पढवून ठेवलंय म्हणाले. चाळीस वर्षांत मास्तर पहिल्यांदा स्वतःच्या कवितेविषयी खरं बोलले आणि तीनशेतल्या एकानंही विश्वास ठेवला नाही.

एकीनं ठेवला. दिएप टाळी न वाजवता उठली आणि बाहेर निघून गेली.

मास्तर जमेल तेवढं भराभर घरी आले. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पिशवी भरलेली नव्हती, एवढं त्यांनी आधी बघून घेतलं.

"फोनवर तुम्ही 'हं' म्हणालात," ती म्हणाली.

"म्हणालो."

"का?"

"तू येणार होतीस म्हणून."

मग तिनं हात पुढे केला. "तुमची द्या. तुम्ही लिहिलेली."

मास्तरांनी कागद दिला. तिनं सावकाश, बोट फिरवत वाचला. खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

"यात आई कुठाय?"

"आहे ना." मास्तर चष्मा लावून तिच्याशेजारी बसले. "ही... ही नाही, ही नदी आहे. ही बघ, पाण्यावरची सावली. ती सावली म्हणजे तुझी आई."

"बाबा, आई चिखलात उभी असायची. तिची सावली बघायला तुम्ही कधी शेवंतीच्या मांडवाखाली आला होतात?"

मास्तरांनी चष्मा काढला. आलो नव्हतो, हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. पण खोटंही बोलले नाहीत. फोनवरचं खोटं संपलं होतं.

"मी राहते," दिएप शेवटी म्हणाली. "श्राद्धासाठी आलेय, ते करूनच जाईन. आता आईच्या आवडीचं काय काय करायचं ते सांगा. बाजारात आजच सांगून ठेवावं लागेल."

श्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं, ही रीत कुणी सांगावी लागत नाही. मास्तर विचार करू लागले. बराच वेळ करत राहिले.

"माशाचं डोकं," ते म्हणाले. "नेहमी तेच घ्यायची ती."

"आपल्याला मऊ मांस मिळावं म्हणून घ्यायची बाबा. आवडायचं म्हणून नव्हे."

"मग तूच सांग. तू लेक आहेस, तुला ठाऊक असणार. दोन वर्षं तू काय केलंस श्राद्धाला?"

दिएपनं तोंड फिरवलं. पाटाच्या कडेवर नख घासत राहिली. मास्तरांना वाटलं, रागावली.

"माझ्या नवऱ्याला आवडतं ते केलं," ती म्हणाली. "दोन्ही वर्षी. आईला काय आवडायचं ते मलाही माहीत नाही, बाबा. मी यायची, ती वाढायची, मी खायची, डबे भरून घ्यायची आणि निघायची. त्या दुकानात मी रडले ती काय तुमच्यासाठी?"

आणि मग ती रडली, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारखी. तीन वर्षं बापावर धरलेला राग खरा होता, पण सगळा त्याच्या वाट्याचा नव्हता. मास्तरांना धीराचा एक शब्द सुचेना. सुचला असता तरी तो शरदातलाच कुठलातरी निघाला असता. ते नुसते बसून राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवून.

रडणं ओसरलं तसं समोरच्या खिडकीत भांडं वाजलं. साऊची बायको कढई चढवत होती. बोळ हातभराचा, सगळं ऐकूनही काहीच ऐकलं नाही असं दाखवायची तिला तीस वर्षांची सवय होती.

मास्तर उठून खिडकीशी गेले. चाळीस वर्षं हा माणूस या खिडकीपाशी पाणी प्यायलासुद्धा उभा राहिला नव्हता.

"साऊवहिनी," ते म्हणाले, "थोआला काय आवडायचं?"

तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "खरवड. भाताची. तळाशी लाल झालेली, वर पातीच्या कांद्याचं तेल ओतून. चुलीपाशी उभी राहून कडाकडा खायची." तिनं पदार्थ मोजायला बोटं उघडली. "मीठ-मिरची लावून कैरी. आणि थंड कॉफी. तुमच्या कपात उरलेली नव्हे हो, तिची स्वतःची, बर्फ घालून. बाजारच्या दिवशी मी आणि ती पुलापाशी बसून प्यायचो. घरी सांगायची नाही, तुम्ही हसाल म्हणून."

"आणि माशाचं डोकं?" मागून दिएपनं विचारलं.

"शी! काटे अडकायचे गं तिच्या घशात."

मास्तरांनी टेबलावरचा कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि खिडकीच्या कठड्यावर लिहायला लागले. खरवड, तळाशी लाल. कैरी, मीठ-मिरची. कॉफी, तिची स्वतःची. ती सांगत गेली तसं लिहीत गेले, तिच्याच शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. कागद भरला. पलीकडे कढईतलं तेल तापून धूर यायला लागला.

"आणखी?" मास्तर म्हणाले.